नादाची दोरी कोणाच्या हाती?

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची जी गादी स्थापन केली ती १८५५ पर्यंत टिकली, आणि तंजावरापासून अवघ्या वीस-पंचवीस कोसांच्या आत असलेल्या या गावी मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. गणितज्ञ रामानुजन यांचे बालपण येथील सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरील एका लहानशा घरात गेले. मात्र प्रवाशाच्या मनात हे गाव राहते ते त्याच्या नादामुळे. कुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर अशी एकाहून एक मोठी देवळे, त्यांतील नादस्वरम आणि तविल यांचा मंगलध्वनी, उत्सवाच्या दिवशी रस्त्यावर ओसंडणारा वाद्यघोष, यांनी या गावाचा दिवस आखलेला असतो. जवळच दारासुरम येथे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. २००४ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्याच्या बलिपीठाशी असलेल्या दगडी पायऱ्या आघात केला असता निरनिराळे स्वर देतात. दगडालाही जेथे स्वर आहे, तेथे नादाविषयी चार शब्द बोलणे अस्थानी ठरू नये.

आजच्या काळात या नादाची दोरी एका नव्याच ठिकाणी जाऊन बसली आहे. हेडफोन किंवा स्पीकर विकत घेतला की त्याच्या खोक्यावर एक सूचना छापलेली आढळते : या वस्तूचे ॲप आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यावे. हे सोबतीचे ॲप म्हणजे त्या यंत्राचा कारभारी. आवाज किती असावा, खर्ज किती व तार किती, बाहेरचा गोंगाट आत येऊ द्यावा की नाही, हे सारे आता फोनच्या काचेवर बोट फिरवून ठरते. कुंभकोणमच्या बाजारात पितळी समयांच्या शेजारच्या दुकानातही अशी इअरबड टांगलेली दिसावीत, इतकी ही वस्तू आता सर्वसाधारण झाली आहे. तथापि ॲप उतरविणारे पुष्कळ, आणि त्यातील कोणती कळ कशासाठी हे जाणून ती वापरणारे थोडे. दोरी हाती आली, पण ती केव्हा ओढावी व केव्हा सैल सोडावी याचे ज्ञान मात्र तिच्याबरोबर आले नाही.

पूर्वी हे ज्ञान कोठे होते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवर नरसिंगमपेट्टै नावाचे खेडे आहे. उत्तम नादस्वरम घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. २०२२ साली येथील नादस्वरमला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्यासाठी हे कारागीर ‘आच्चा’ नावाचे लाकूड वापरतात. महाराष्ट्रात ज्याला अंजन म्हणतात तोच हा वृक्ष. पुष्कळदा पाडलेल्या जुन्या घरांचे मुरलेले वासे विकत घेऊन त्यांतून वाद्य घडविले जाते. नादस्वरमला बोटांनी झाकावयाची सात छिद्रे असतात, आणि त्यांच्या खाली आणखी काही छिद्रे अशी असतात की ज्यांवर वादकाचे बोट कधीच पडत नाही. वादक त्यांत मेण भरतो, काढतो, पुन्हा भरतो आणि अशा रीतीने वाद्याचा स्वर हवा तसा जुळवून घेतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविलेला सुताचा धागा, मृदंगाच्या डाव्या पुडीवर लावलेला ओल्या रव्याचा गोळा, हे सारे त्याच जातीचे उपाय. मेण, सूत आणि रवा ही त्या काळची नियंत्रणयंत्रे होत. त्यांची किंमत कवडीमोल, पण ती वापरणाऱ्याचा कान वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने तयार झालेला असे. किंबहुना कान तयार असल्यावाचून ती वापरताच येत नसत.

मराठी कीर्तनाने तर या प्रांतात आणखी एक धडा घालून दिला. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे महाराष्ट्राची कीर्तनपद्धती कावेरीच्या काठी रुजली. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिचा कर्नाटक संगीताशी मिलाफ घडवून आणला, आणि त्यातून दक्षिणेची हरिकथा नावारूपास आली. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोहोचविण्याची जबाबदारी कीर्तनकाराच्या कंठावर असे, आणि आपला आवाज कोठवर पोहोचला हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून समजत असे. आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तेव्हा कोणतीही कळ नव्हती, होती ती केवळ नजर.

पुढे कळ आली. मद्रास येथे १९२४ साली हौशी मंडळींनी रेडिओ क्लब स्थापून ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ केला, आणि १९३९ साली तिरुचिरापल्लीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर कावेरीच्या खोऱ्यातील गावांना जवळचा आवाज मिळाला. नभोवाणीच्या आरंभकाळात साध्या स्फटिकसंचावर ऐकणाऱ्याला डोक्यावर कर्णयंत्र चढवावे लागे, कारण तो संच मोठा आवाज काढूच शकत नसे. मग दिव्यांचा संच आला, त्याच्यामागोमाग ट्रान्झिस्टर आला, आणि कर्णयंत्र अडगळीत गेले. संचाच्या तोंडावर दोन बटणे असत. एक केंद्र लावण्याचे आणि एक आवाजाचे. घरात ती फिरविण्याचा मान वडीलधाऱ्यांचा. आवाज वाढला की शेजारी ऐकत, आणि फारच वाढला तर शेजारीच येऊन सांगत. नियंत्रण एका हाती असले तरी लक्ष सर्वांचे असे.

१९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि कर्णयंत्राने पुनर्जन्म घेतला. त्या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती, आणि वर एक केशरी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज उतरत असे आणि यंत्रातील मायक्रोफोनमधून बोलणे ऐकू येत असे. एकट्याने ऐकण्याचे यंत्र काढताना, ऐकणारा माणूस शेजाऱ्याला अंतरेल ही शंका त्याच्या कर्त्यांना आली असावी. पुढील नमुन्यांतून ती सोय गेली. चाळीस वर्षांनी तीच कल्पना ॲपमध्ये ‘बाहेरचे ऐका’ अशा अर्थाच्या कळीच्या रूपाने परतली आहे.

आता हे ॲप करते तरी काय? फोन आणि हेडफोन यांच्यामध्ये ब्लूटूथ नावाचा रेडिओलहरींचा अदृश्य धागा असतो. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे ‘ब्लूटूथ’ हे टोपणनाव. विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणारा राजा म्हणून तो प्रसिद्ध, आणि विखुरलेली यंत्रे एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचेच नाव मिळाले. या धाग्यावरून गाणे एका वाटेने जाते आणि आज्ञा दुसऱ्या वाटेने. हेडफोनच्या पोटात एक लहानसा संगणकच बसविलेला असतो. सुरांवर होणारी बहुतेक प्रक्रिया तेथे घडते. ॲप केवळ निरोप्या आहे. ‘खर्ज कमी कर’, ‘बाहेरचा गोंगाट अडव’ एवढा निरोप तो पोहोचवितो. म्हणूनच पुष्कळ हेडफोनांत एकदा लावलेली घडी त्यांच्या स्मरणात राहते, आणि फोन बदलला तरी ती मोडत नाही.

या निरोपांपैकी तीन निरोप महत्त्वाचे. बाकीचे पुष्कळसे शोभेचे.

पहिला निरोप गोंगाट अडविण्याचा. ध्वनी ही हवेतील लहर आहे. तिला उंचवटा असतो आणि खळगा असतो. हेडफोनवरील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरची लहर टिपतात. आतील संगणक तिच्या नेमकी उलट लहर तयार करतो. एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा पडला की दोन्ही जिरतात. या कल्पनेचे एकस्व जर्मन शास्त्रज्ञ पाउल लुएग याला अमेरिकेत १९३६ सालीच मिळाले होते. ती प्रत्यक्षात येऊन सर्वांच्या कानांपर्यंत पोहोचावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या कामी अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन संशोधकाचा वाटा मोठा आहे. विमानात बसले असता १९७८ साली त्यांनी हा विचार मनावर घेतला, असे सांगतात. बसचे इंजिन, पंखा, गिरणी असा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज या युक्तीने उत्तम अडतो. मोटारीचा अचानक वाजणारा भोंगा किंवा माणसाचे बोलणे तेवढे अडत नाही. तरीही रस्त्याने चालताना ही कळ बंद करून बाहेरचे ऐकू येण्याची कळ लावावी, हे शहाणपणाचे. मागून येणारे वाहन कानांनीच प्रथम कळते.

दुसरा निरोप खर्ज आणि तार यांचे प्रमाण ठरविण्याचा. ॲपमध्ये त्यासाठी इक्वलायझर नावाची उभ्या पट्ट्यांची ओळ असते. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. ओळीतील डावीकडच्या पट्ट्या खर्जाच्या, उजवीकडच्या तारेच्या. तविलाचा आणि मृदंगाचा धुमारा डावीकडे असतो. शब्दातील स, श, त, क ही व्यंजने ज्यांमुळे वेगळी ओळखू येतात तो भाग बराचसा २,००० ते ४,००० कंपनांच्या आसपास, म्हणजे उजवीकडे झुकलेला असतो. येथे एक साधा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जे ऐकू येत नाही ते वाढविण्याआधी, जे त्याला झाकते आहे ते कमी करून पाहावे.

तिसरा निरोप मर्यादेचा. आवाज अमुक पातळीच्या वर जाऊ नये, असे एकदा ठरवून टाकण्याची सोय बहुतेक फोनांत आणि पुष्कळ ॲपांत असते. काही ॲपे तर आठवड्याभरात कानांनी किती आवाज सोसला याचा हिशेबही मांडतात. सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत मोलाची अशी ही सोय आहे.

या तिन्ही निरोपांचे महत्त्व पटण्यासाठी कुंभकोणममधील एखाद्या तंजावरी मराठी घराची कल्पना करावी. घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि महाविद्यालयात शिकणारी नात. आजोबांना जुनी कीर्तने ऐकण्याचा नाद. नात रोज बसने तंजावरास जाते आणि वाटेत तिच्या कानांत इअरबड असतात. अलीकडे आजोबांच्या स्पीकरचा आवाज वाढतच चालला आहे. त्यांची तक्रार अशी की, आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, एवढ्या मोठ्याने लावूनही कळत नाही म्हणजे काय? वस्तुतः आजोबांचे म्हणणे तंतोतंत खरे असते. वार्धक्याने श्रवणशक्ती उणावते ती प्रथम वरच्या कंपनांची. मृदंग पूर्वीसारखाच ऐकू येतो, आणि व्यंजने मात्र गळून पडतात. आवाज वाढविला की मृदंग आणखी मोठा होतो, शब्द त्याखाली आणखी दडतो.

नात ॲप उघडून डावीकडच्या दोन पट्ट्या खाली ओढते, उजवीकडची किंचित वर सारते, आणि मग एकंदर आवाज पूर्वीहून कमी करते. आजोबांना अभंगाचा शब्द स्पष्ट ऐकू येतो. ते हसतात. घरात शांतताही येते. अर्थात् इक्वलायझर हे श्रवणयंत्र नव्हे. कानांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याला तो पर्याय नाही, उलट तपासणीची वेळ झाली आहे याची ती खूण समजावी. मात्र हेडफोन आणि श्रवणयंत्र यांतील भिंत पातळ होत चालली आहे, हेही खरे. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपल कंपनीच्या इअरबडांना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून चालविणाऱ्या आज्ञावलीला प्रथमच मान्यता दिली.

आता पाळी आजोबांची. माझ्या कानांचा हिशेब केलास, आता तुझ्याही कानांचा दाखव, असे ते नातीला म्हणतात. ॲपमधील आकडा पाहून दोघेही गंभीर होतात. बसच्या घरघरीवर मात करण्यासाठी तिने गाणे सुमारे ८९ डेसिबलवर ठेवलेले असते, रोज जाऊन येऊन दोन तास, आठवड्याचे सहा दिवस.

या आकड्याचा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली सुरक्षित श्रवणाचे एक प्रमाण ठरवून दिले. प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलांनी वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते, आणि म्हणून ऐकण्याची मुभा निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५ तास. ९५ वर गेल्यास सारा आठवडा मिळून सव्वा तास. नातीचे बारा तास म्हणजे पाच तासांच्या शिधावर बारा तासांचा खर्च. दर आठवड्याला दुपटीहून अधिक उधारी. आणि ही उधारी फेडता येत नाही. आतील कानात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. एकेका कानात त्यांची संख्या जन्मतः जेमतेम पंधरा-सोळा हजार. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या मरताना दुखतही नाही, हा त्यातील खरा धोका होय. कानांत गुणगुण होऊ लागते, गर्दीत बोलणे कळेनासे होते, तोवर पुष्कळ काही हातचे गेलेले असते. सुरक्षित नसलेल्या श्रवणामुळे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांचे कान धोक्यात आहेत, असा आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

नातीला गाणे सोडण्याची आवश्यकता नाही. बसमध्ये गोंगाट अडविणारी कळ लावली की घरघर बरीच खाली बसते, आणि गाणे ८० डेसिबलवर आणले तरी ते पूर्वीइतकेच स्पष्ट लागते. तेच बारा तास आता चाळीस तासांच्या शिधातून खर्च होतात. गोंगाट अडविण्याच्या कळीचे खरे प्रयोजन हे आहे. ती चैनीची वस्तू नसून आवाज खाली ठेवण्याची संधी आहे. ती लावूनही जो आवाज पूर्वीच्याच ठिकाणी ठेवतो, त्याने पैसे खर्चून काहीच मिळविले नाही. मर्यादेची पट्टी एकदा ८० वर बांधून टाकली की रोजचा मोहही टळतो.

हेडफोनचा प्रश्न असा एकट्याचा आहे, तर स्पीकरचा प्रश्न दहा जणांचा. कुंभकोणमसारख्या देवळांच्या गावात उत्सव आणि लग्ने यांची उणीव नाही, आणि आज उत्सव म्हटला की ध्वनिवर्धक आलाच. कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्या जागी ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या बंधनांना आपल्या निर्णयाने बळकटी दिली. परंतु कायदा सांगतो तो आवाजाचा कळस. आवाज सुश्राव्य कसा करावा हे तो सांगू शकत नाही.

येथे ॲपने खरोखर मोठी सोय करून दिली आहे. पूर्वी मंगल कार्यालयात ध्वनिवर्धकाचा तंत्रज्ञ आपल्या पेटीपाशी, बहुधा व्यासपीठाच्या एका कोपऱ्यात बसलेला असे. त्याला ऐकू येई तो त्या कोपऱ्यातला आवाज. शेवटच्या रांगेत शब्द पोहोचत नाही असे कोणी सांगितले की तो बटण वाढवी, आणि पहिल्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवीत. आता अनेक ठिकाणी ध्वनिमिश्रणाची पेटी टॅबलेटवरील ॲपने चालते. तंत्रज्ञ उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसू शकतो, तेथून पहिल्या रांगेत येऊ शकतो, आणि प्रत्येक जागी स्वतःच्या कानांनी ऐकून आवाज ठरवू शकतो. कीर्तनकाराची ती नजर, जी शेवटच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर खिळलेली असे, ती अशा रीतीने पुन्हा मिळवता येते. मात्र त्यासाठी तंत्रज्ञाने खुर्ची सोडली पाहिजे. टॅबलेट हाती असूनही जो कोपऱ्यातच बसून राहतो, त्याला ॲपचा उपयोग तो काय?

ॲपची आणखी एक बाजू आहे, आणि ती विसरून चालणार नाही. नादस्वरमचे मेण वादकाच्या स्वतःच्या पिशवीत असते. ते कोणी रात्रीतून बदलून टाकू शकत नाही. ॲपचे तसे नाही. यंत्र आपल्या घरात असते, पण त्याची किल्ली दूरच्या एका कचेरीत. घरभर स्पीकर जोडणाऱ्या सोनॉस या अमेरिकन कंपनीने २०२४ च्या मे महिन्यात आपले ॲप आमूलाग्र बदलून नवे आणले. जुन्यातील अनेक सोयी, झोपेच्या वेळी संगीत आपोआप थांबविण्यासारख्या साध्या सोयीसुद्धा, नव्यात आरंभी नव्हत्या. पूर्ण मोल देऊन घेतलेले आणि काल सुरळीत चालणारे स्पीकर आज धड चालेनात, असा अनुभव असंख्य ग्राहकांना आला. स्पीकरांत बिघाड नव्हता, बिघाड कारभाऱ्यात होता. जुलै महिन्यात कंपनीच्या प्रमुखाने जाहीर क्षमा मागितली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याला पद सोडावे लागले.

यावरून ॲप टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. खरेदी करताना दोन-तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, एवढाच त्याचा अर्थ. आवाज कमीजास्त करण्याची आणि यंत्र बंद करण्याची कळ प्रत्यक्ष यंत्रावर आहे काय? ॲप नसतानाही यंत्र निदान साधेपणाने चालते काय? ॲप आपले नाव, गाव आणि ठावठिकाणा विचारते तेव्हा गाणे ऐकण्यासाठी त्याची खरोखर गरज आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे यंत्र थोडे महाग पडले तरी ते अखेरीस स्वस्तच ठरते.

शेवटी पुन्हा दारासुरमकडे वळावे. बलिपीठाच्या त्या स्वर देणाऱ्या पायऱ्या आज लोखंडी जाळीच्या आत आहेत. स्वर असलेला दगड दिसला की त्यावर आघात करून पाहण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु येणाऱ्या प्रत्येकाने तो पुरविला असता तर आठशे वर्षांचा तो स्वर आघातांनीच झिजून गेला असता. म्हणून त्याच्याभोवती जाळी घालावी लागली. माणसाच्या कानातील केशपेशी त्या दगडाहून कितीतरी नाजूक, आणि त्यांच्यावर दिवसाकाठी होणारे आघात कितीतरी अधिक. त्यांच्याभोवती जाळी घालणारे कोणतेही खाते नाही. रस्त्यावरचा आवाज मोजण्यास सरकार आहे, कानांतला आवाज मोजण्यास ज्याचा तोच. ती जाळी फोनमधील ॲपच्या एका कोपऱ्यात, मर्यादेच्या त्या लहानशा पट्टीच्या रूपाने पडून आहे. कुंभकोणमच्या त्या नातीने ती शोधून लावली, तर आजोबांच्या वयाला पोहोचल्यावरही तिला पहाटेचा नादस्वरम त्याच्या साऱ्या बारकाव्यांनिशी ऐकू येईल, आणि तो ऐकण्यासाठी कोणाला ॲप उघडावयास सांगण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.